चक्राला गुण कळतात

या घरात कुणी मालक नाही, कुणी नोकर नाही आणि कुणी कुणाला हुकूम सोडत नाही. तसं दाराबाहेरच्या पितळी पाटीवर कोरलंच आहे. पाटी दर आठवड्याला घासावी लागते, नाहीतर काळी पडते. ती कोण घासतं, हे मात्र पाटीवर कोरलेलं नाही.

पाटी लावली द्रष्ट्यांनी. द्रष्टे म्हणजे आपल्या सूनबाईचे सासरे. हे नाव त्यांना वर्तमानपत्रांनी दिलं, त्यांनी ते नको नको म्हणत घेतलं आणि आता टेलिफोन उचलला तरी "द्रष्टा बोलतोय" असंच म्हणतात. माणूस मोठा, यात वाद नाही. पन्नास वर्षांपूर्वी आपल्या भाषेत कादंबरी म्हटली की तिच्यात एक तर राजा लागायचा, नाहीतर भूत. त्या काळात पाणीपुरवठा खात्यात नळांचे नकाशे काढणाऱ्या या तरुणाने 'मालक नसलेलं शहर' लिहिली. पहिल्या प्रकाशकाने "यात भूत कुठे आहे?" असं विचारून ती परत केली. दुसऱ्याने निदान एखादी राजकन्या तरी घाला म्हणून सुचवलं. तिसऱ्याने न वाचताच छापली, आणि तो तरला.

त्या कादंबरीत तीनशे वर्षांनंतरचं एक शहर आहे. शहराच्या चौकात एक अवाढव्य चक्र आहे. ते रोज सकाळी फिरतं आणि दहा लाख माणसांना त्या दिवसाचं काम वाटून देतं. आज शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर उद्या रस्ता झाडतो आणि रस्ता झाडणारा परवा शस्त्रक्रिया करतो. रुग्णांचं काय होतं, ते कादंबरीत आलेलं नाही. पण शहरात कुणी कुणाला "हे कर" म्हणत नाही, सगळे एकमेकांना "तुम्ही" म्हणतात, आणि कामांची अदलाबदल करायला सक्त मनाई आहे. का, तर आज एकाने दुसऱ्याचं काम आपखुशीने केलं की उद्या दुसरा ते गृहीत धरतो आणि परवा तो मालक होऊन बसतो. हे सगळं नवव्या प्रकरणात आहे. नववं प्रकरण शाळेच्या पुस्तकातही आहे.

नुसतं लिहून थांबणारे लेखक पायलीला पन्नास मिळतात. द्रष्टे थांबले नाहीत. मुलगा सात वर्षांचा असताना त्यांनी सुताराकडून जेवणघराच्या भिंतीवर एक चक्र बसवून घेतलं. सायकलचं जुनं चाक, त्यावर लाकडी तबकडी, तबकडीवर चार कामं रंगवलेली आणि भिंतीवर भोवताली चार नावं. चाक फिरवायचं. थांबलं की ज्याच्या नावासमोर जे काम येईल, ते त्या दिवशी त्याचं. बायकोलाही ते त्या दिवसापासून "तुम्ही" म्हणायला लागले.

चार कामं अशी: 'बाजारहाट', 'झाडलोट', 'स्वयंपाक' आणि 'चिंतन'. स्वयंपाकात भांडी आणि कपडेही धरलेले आहेत, कारण ही तिन्ही पाण्याची कामं, आणि पाणीपुरवठा खात्यात काढलेली वर्षं काही वाया जात नाहीत. चिंतन हे काम कसं, असं कुणी विचारलं तर द्रष्टे चिडत नाहीत. चिंतन हे सर्वांत जड काम आहे, एवढंच ते शांतपणे सांगतात आणि पुन्हा आरामखुर्चीत मागे रेलतात.

मोलकरीण ठेवणं म्हणजे पिळवणूक, म्हणून मोलकरीण नाही. कपडे धुण्याचं यंत्रही नाही. ज्यांनी कादंबरीत आकाशातून चालणाऱ्या गाड्या सोडल्या, त्यांचं म्हणणं असं, की हल्लीची यंत्रं अर्धीकच्ची आहेत, खरं यंत्र यायचंय, तोवर थांबलं पाहिजे. ते थांबले आहेत. कपडे थांबत नाहीत.

तर अशा या घरात सूनबाई अकरा वर्षांपूर्वी आली, आणि बाई, कुणी तिला ढकलून पाठवलेलं नव्हतं. सोळाव्या वर्षी तिने वाचनालयातून 'मालक नसलेलं शहर' आणलं होतं आणि दोन रात्रींत संपवलं होतं. तिच्या वडिलांच्या घरात वडील ओरडायचे आणि बाकीचे पळायचे, एवढीच कामाची वाटणी. म्हणून तिने त्या कादंबरीतलं एक वाक्य वहीत उतरवून घेतलं: 'जिथे चक्र बोलतं, तिथे माणसाला माणसासमोर मान खाली घालावी लागत नाही.' पुढे ती गणितात पदवीधर झाली, एका शिकवणीवर्गात शिकवू लागली, आणि एका ओळखीच्या बाईंनी त्या लेखकाच्या मुलाचं स्थळ सुचवलं तेव्हा मुलगा न बघताच तिने होकार दिला. मुलगा नंतर पाहिला. तसा बरा निघाला.

पहिल्या सकाळी द्रष्ट्यांनी स्वतः चाक फिरवलं. ते थोडं फिरलं, दोन हेलकावे खाल्ले आणि थांबलं. खाली सूनबाईचं नाव होतं, तिच्यासमोर स्वयंपाक आला. डावीकडे सासूबाई, त्यांना झाडलोट. उजवीकडे नवरा, त्याला बाजारहाट. वर द्रष्टे. त्यांना चिंतन. सूनबाई हसत हसत स्वयंपाकघरात गेली. तिला काय कौतुक वाटलं होतं त्या दिवशी!

दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी तसंच. महिना झाला तेव्हा तिने दुधाच्या बिलाच्या पाठीमागे आकडेमोड केली. ओळीने तीस दिवस असं घडण्याची शक्यता काढली, तर छेदात एकोणीस आकडे आले. तिने ते बिल नवऱ्याला दाखवलं. नवरा विमा कंपनीत कामाला, म्हणजे शक्यता मोजण्याचाच पगार घ्यायचा. तो बिलाची घडी घालत म्हणाला, "अगं, योगायोग असतात." आणि पिशवी घेऊन बाजाराला गेला.

द्रष्ट्यांकडे मात्र याचं शास्त्रीय उत्तर होतं. त्यांनी त्यावर एक गाजलेला लेखच लिहिला आहे, 'चक्राला गुण कळतात'. निव्वळ दैवावर सोडलेलं चक्र हळूहळू माणसांचे गुण ओळखायला लागतं आणि ज्याला जे झेपतं तेच त्याला देतं, असा त्यात सिद्धान्त आहे. पुरावा म्हणून स्वतःच्या घरातली नोंद दिली आहे. लेखावर दोन परिसंवाद झाले. दोन्हीकडे सूनबाईने डब्यात सँडविच भरून दिली होती.

आता कुणी म्हणेल, बाई गणित शिकलेली, मग अकरा वर्षं काय झोपली होती? झोपली नव्हती. चाकात काहीतरी खोट आहे हे तिला पहिल्याच महिन्यात कळलं होतं. तिला वाटलं आस वाकला असेल, गंजला असेल. उघडून बघावं असं शंभरदा मनात आलं आणि शंभरदा तिने ते परतवलं. ज्या पुस्तकासाठी या घरात आली, त्या पुस्तकाचा स्क्रू कसा काढायचा? आपल्या हाताने निवडलेल्या गोष्टीवर शंका घ्यायची तर आधी स्वतःला मूर्ख म्हणावं लागतं, आणि ते काम कुठल्याही चाकावर रंगवलेलं नसतं.

पण यंदा एक पत्र आलं. हवामान कार्यालयाचं. गणित सहायकाच्या जागेसाठी मुलाखत, बुधवारी सकाळी साडेअकराला. वयाची अट चाळीस. सूनबाईला चाळीस पूर्ण व्हायला तेवीस दिवस राहिले होते. शिकवणीवर्ग लग्नानंतर वर्षभरात सुटला होता, कारण दुपारची भांडी आणि दुपारचे विद्यार्थी एकाच वेळी यायचे. ही जागा गेली तर पुन्हा कुठलीच येणार नव्हती, हे सांगायला गणिताची पदवी लागत नव्हती.

आणि बुधवारीच नेमका संपादक येणार होता. कादंबरीला पन्नास वर्षं झाली म्हणून एका मासिकाचा विशेषांक निघत होता, 'विचार जगणारं घर' या नावाने. संपादक दहा वाजता येणार, चक्र फिरताना फोटो काढणार, मुलाखत घेणार आणि एक वाजता सगळ्यांबरोबर जेवून जाणार. म्हणजे ज्याला स्वयंपाक येईल त्याला घरातून हलता येणार नव्हतं.

सूनबाई आठवडाभर आधीच द्रष्ट्यांपुढे जाऊन उभी राहिली. "बाबा, बुधवारी मला मुलाखतीला जायचंय. त्या दिवसापुरती मला स्वयंपाकातून सुट्टी द्याल?"

द्रष्ट्यांनी चष्मा काढला. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरच दुःख उमटलं. "मी सुट्टी देणार? मी? म्हणजे मी मालक झालो. तुम्ही हे मला विचारता, याचंच मला वाईट वाटतं. तुम्ही स्वतंत्र आहात."

"मग जाऊ?"

"जा की. तुम्हाला अडवणारा मी कोण?"

"आणि स्वयंपाक माझ्याकडे आला तर?"

"तर तो चक्राने दिलेला असेल. त्यात मी काय बोलणार?" त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा घातला. "चक्राला विचारा."

ती नवऱ्याकडे गेली. नवऱ्याने नेहमीप्रमाणे मिठाची गुळणी धरली. खूप खोदल्यावर म्हणाला, "बुधवार अजून लांब आहे." मग मंगळवार आला, तेव्हा बुधवार तेवढा लांब राहिला नव्हता, आणि तो ऑफिसला निघून गेला.

मंगळवारी दुपारी द्रष्टे चिंतनात होते. चिंतनाचा आवाज त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत येत होता. सूनबाईने स्टूल घेतलं, पाना घेतला आणि चाकाच्या मधली चकती खोलली. मधला नट सहज निघाला. तबकडी बाहेर आली. मागे सायकलच्या आऱ्या होत्या, आणि जिथे पुढून 'स्वयंपाक' रंगवलं होतं बरोबर तिथेच मागे तारेने घट्ट आवळून लोखंडी वजन बांधलेलं होतं. स्वयंपाकघरातल्या तराजूचं, अर्ध्या किलोचं. आस सरळ होता. गंजाचा कुठे ठिपकाही नव्हता.

ती स्टुलावर तशीच उभी राहिली. जड बाजू खाली येते. एवढंच. आणि खाली तिचं नाव. एकोणीस आकडी छेद काढणाऱ्या बाईला अकरा वर्षं अर्ध्या किलोने फसवलं होतं. तिला इतका राग आला, की वजन त्या खोलीच्या दारावर फेकावं आणि चिंतन करणाऱ्याला उठवून तोंडावर विचारावं, असं वाटलं.

"त्यांना माहीत नाही," मागून सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या हातात झाडू होता. "मी बांधलंय."

सूनबाई वळली.

"उतर आधी. पडशील," सासूबाई म्हणाल्या. ती उतरली. सासूबाईंनी झाडू भिंतीला टेकवला आणि स्वतःच त्या स्टुलावर बसल्या. "पहिले दोन महिने चाक खरं होतं. कुणालाही काहीही यायचं. तिसऱ्या दिवशी यांना स्वयंपाक आला. चाळीस मिनिटं आत होते. मी गेले तर काड्यापेटीकडे बघत उभे, आणि चार पानं लिहून झालेली, आगीचा शोध लावणाऱ्या पहिल्या माणसाबद्दल. मुलगा शाळेत उपाशी गेला. पुढच्या खेपेला पाणी उकळायच्या किटलीत अंडी घातली, किटली गेली. तिसऱ्या खेपेला बोट कापलं आणि म्हणाले, आता मला लिहिता येणार नाही, मी संपलो. आठ दिवस लिहिलं नाही. प्रकाशक रोज दारात."

"म्हणून वजन?"

"म्हणून वजन. त्या शहराचं पुढचं पुस्तक व्हावं की नाही? मला वाटलं, व्हावं. मलाही ते शहर आवडलं होतं गं. मला वाटायचं, हे लिहून संपवतील आणि मग आपण तिथे राहायला जाऊ." त्यांनी चाकाकडे बोट केलं. "खाली तेव्हा माझं नाव होतं. डावीकडे 'पाहुणा' लिहिलेलं. पाहुणा रोज कुठला येणार, म्हणून झाडलोटही माझीच. वीस वर्षं केलं. त्यांनी तो गुण ओळखण्याचा लेख लिहिला तेव्हा पहिल्यांदा मलाच वाचून दाखवला. तेव्हा काय सांगणार होते मी?"

"आणि मी आले तेव्हा?"

सासूबाईंनी मान वर केली. तोंड लपवलं नाही, एवढं त्यांच्या बाजूने म्हणावं लागेल. "तू आलीस तेव्हा रंगारी आला. म्हणाला, नव्या सूनबाईंचं नाव कुठे लिहू? हे म्हणाले, कुठेही लिहा, सगळ्या जागा सारख्या. तो माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, माझं नाव डावीकडे घे. तिचं खाली." मग आवाज चढवून म्हणाल्या, "दमले होते मी. पाठ गेली होती. मला माहीत होतं काय करतेय ते. वाईट वाटलं मला. पण झोप लागली."

सूनबाईला ओरडायचं होतं, आणि तिला रडायला आलं. सासूबाईंनी तिला रडू दिलं. थोड्या वेळाने म्हणाल्या, "हे बघ. वजन काढू नकोस. सरकव. 'बाजारहाट'च्या मागे बांध. मग बाजारहाट खाली तुझ्याकडे येईल आणि स्वयंपाक डावीकडे, माझ्याकडे. पिशवी संध्याकाळी आण. एक दिवस मी करते. तू जा आणि त्या हवामानवाल्यांना गाठ."

कुणीही शहाणी बाई पाया पडली असती. पण आपली सूनबाई पडली वाचक, आणि वाचकाइतकं हट्टी माणूस जगात नाही. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "नको, आई. आता खोटं नको. एकदा तरी ते खरं फिरू दे. चारातले तीन माझ्या बाजूने आहेत. झाडलोट आली तर आल्यावर करीन, बाजार आला तर येताना करीन. फक्त स्वयंपाक यायला नको."

"आणि आला तर?"

"चारातला एक, आई."

"तुझं गणित तुझ्यापाशी," असं म्हणून सासूबाई उठल्या. "मी पण याच पुस्तकावर भाळले होते म्हणून सांगते, सरकव."

तिने वजन काढलं, सरकवलं नाही. तबकडी बसवली, नट आवळला आणि वजन तराजूपाशी नेऊन ठेवलं.

बुधवारी संपादक दहाला दहा कमी असतानाच आला. तरुण होता, नम्र होता, गळ्यात कॅमेरा होता, आणि नववं प्रकरण त्याला तोंडपाठ होतं. त्याने पाटीचा फोटो घेतला. आरामखुर्चीचा घेतला. द्रष्ट्यांनी त्याला आपल्या आयुष्याची गोष्ट सांगितली. नळांचे नकाशे काढताना एक दिवस त्यांच्या मनात आलं, की पाणी वाहताना कुणाचा हुकूम घेत नाही, आणि तिथून सगळं सुरू झालं. पाणी उतार बघून वाहतं, हे संपादकाला सुचलं नाही. तो लिहून घेत होता.

सव्वादहाला सगळे चक्रापुढे उभे राहिले. नवऱ्याने आज उशिरा जायची परवानगी काढली होती. सूनबाईने बाहेर जायची साडी नेसली होती आणि प्रमाणपत्रांची फाइल टेबलावर ठेवली होती. बस साडेदहाची होती. द्रष्ट्यांनी बाह्या सावरल्या आणि चाक फिरवलं.

ते फिरत राहिलं. नेहमीचे दोन हेलकावे नाहीत, काही नाही, भिंगरीसारखं फिरत राहिलं. द्रष्ट्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. नवरा एक पाऊल मागे सरकला. वर्षानुवर्षं ज्याला बाजारहाटाशिवाय काही आलं नव्हतं, त्या माणसाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा भीती दिसली. सासूबाई मात्र चाकाकडे बघत नव्हत्या, त्या सूनबाईकडे बघत होत्या. चाकाचा वेग उतरला. चिंतन सूनबाईच्या नावावरून पुढे गेलं. बाजारहाट आला, रेंगाळला, आणि सूनबाईचा हात फाइलकडे गेला. मग बाजारहाटही एक टिचकी मारल्यासारखा पुढे सरकला आणि चाक थांबलं.

खाली स्वयंपाक होता.

वर चिंतन, उजवीकडे बाजारहाट, डावीकडे झाडलोट. अकरा वर्षांत पहिल्यांदाच चाक प्रामाणिकपणे फिरलं आणि प्रामाणिकपणे तिथेच येऊन थांबलं. तिने स्वतःच्या हाताने खोट काढली होती, आता दोष द्यायला अर्धा किलो लोखंडही उरलं नव्हतं.

"पाहिलंत?" द्रष्ट्यांच्या आठ्या विरल्या. त्यांनी संपादकाच्या खांद्यावर हात ठेवला. "आज ते किती वेळ विचार करत होतं, पाहिलंत ना? आणि तरी चुकलं नाही. याला मी म्हणतो, गुण कळणं."

"विलक्षण," संपादक म्हणाला, आणि त्याने सूनबाईचा चाकाजवळ एक फोटो घेतला. "जरा हसता का?"

ती हसली नाही. ती द्रष्ट्यांकडे वळली. "बाबा, साडेअकराला माझी मुलाखत आहे. मी निघू?"

"तुम्हाला कोण अडवतंय?" द्रष्टे मऊ आवाजात म्हणाले, आणि संपादकाला समजावून सांगू लागले. "हेच बघा. इथे कुणी कुणाला 'जाऊ नको' म्हणत नाही. मी कधीच म्हटलेलं नाही. विचारा यांना."

"खरं आहे?" संपादकाने विचारलं.

खरंच होतं. अकरा वर्षांत तिला या घरात कुणी एकदाही नाही म्हटलं नव्हतं. वडील निदान ओरडायचे. ओरडणाऱ्याच्या अंगावर ओरडता येतं, दार आपटून निघून जाता येतं. इथे कुणाच्या अंगावर ओरडायचं? तिने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा पिशवीची घडी उलगडत होता. भिंतीवरचं घड्याळ दहा चोवीस दाखवत होतं, आणि सूनबाईचे पाय, मूर्खासारखे, स्वयंपाकघराकडे वळायला लागले होते. सवय वाईट.

"जा गं," सासूबाई म्हणाल्या.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"जा म्हणते ना. फाइल उचल. उभी काय राहिलीस?"

"अहो," द्रष्टे दचकून म्हणाले, "हा हुकूम झाला."

"हुकूमच आहे." सासूबाईंनी पदर खोचला. "तिला हुकूम केलाय, आता तुम्हालाही करते. आत चला. बटाटे सोलायचे आहेत. आणि तू, पिशवी ठेव ती, कांदे चीर आधी. पाहुण्यांना उपाशी पाठवायचंय का?"

"पण चक्राने..." संपादक म्हणाला.

"तुम्हाला भांडी विसळता येतात का?" सासूबाईंनी विचारलं.

"येतात," तो म्हणाला. खरंतर येत नव्हती, पण त्या आवाजापुढे त्याला दुसरं उत्तर सुचलं नाही.

सूनबाईने फाइल उचलली. दारात तिला वाटलं, मागे वळून काहीतरी बोलावं. सासूबाई आतून ओरडल्या, "बस जाईल!" आणि ती पळत सुटली.

हवामान कार्यालय जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर होतं. लांब खोली, भिंतीभर नकाशे, खिडकीत पाऊस मोजायचं नळकांडं, आणि टेबलामागे तिघे. मधले प्रमुख, टक्कल पडलेले, कोरड्या आवाजाचे. ती सात मिनिटं उशिरा पोचली. प्रमुखांनी आधी त्याबद्दल तिला चांगलंच फैलावर घेतलं. मग त्यांनी गणितं घातली. तिने सोडवली. एकात चुकली, त्यांनी चूक दाखवली, तिने वाद घातला, आणि वादात तीच बरोबर निघाली. प्रमुखांनी ओठ मुडपले आणि कागदावर काहीतरी खरडलं.

"काम रोजचं आहे," ते म्हणाले. "वादळाच्या दिवसांत रविवारीही यावं लागतं. एक तारखेपासून रुजू व्हा, पत्र येईल. तुम्हाला काही विचारायचंय?"

"हो," ती म्हणाली. "इथे काम कोण वाटून देतं?"

"मी."

"रजा पाहिजे असली तर?"

"माझ्याकडे अर्ज करायचा."

"आणि तुम्हाला द्यायची नसेल तर?"

प्रमुख जरा वैतागले. "तर मी नाही म्हणणार. स्वच्छ तोंडावर नाही म्हणणार. चालेल का तुम्हाला?"

सूनबाईचे डोळे भरून आले. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. डावीकडच्या बाईंनी पाण्याचा पेला पुढे सरकवला आणि म्हणाल्या, साहेब बोलायला कडक आहेत, पण तसं मनावर घेऊ नका.

"नाही नाही," ती म्हणाली. "चालेल. फार चालेल."